गेनिझातल्या व्यापाऱ्याचा वर्षाचा नफा काढता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कैरोच्या गेनिझात मध्ययुगीन ज्यू व्यापाऱ्यांची इतकी पत्रे आणि हिशेब सापडले, तर अब्राहम बेन यिजूसारख्या एखाद्या व्यापाऱ्याचा एका वर्षाचा नफा-तोटा त्यावरून मांडता येईल का? त्याची मूळ खातेवही कुठे बघायला मिळेल? तो दुहेरी नोंद पद्धत वापरत होता का? शिवाय शेवटी तुम्ही कोकणाचा काही संबंध येतो का, असेही विचारले आहे. तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात आणि प्रबंधिकेसाठी विषय पक्का करताय, हे लक्षात ठेवून लिहितो.

मी जुने व्यापारी कागद वाचण्याचे काम करतो. सुरुवात मोडीतल्या पेढ्यांच्या दप्तरांपासून झाली, नंतर अरबी आणि हिब्रू लिपी शिकून गेनिझाकडे वळलो. या अनुभवावरून सांगतो, की वर्षाचा ताळेबंद निघणार नाही. पण एका मालाचा, एका खेपेचा, दोन माणसांमधला हिशेब मात्र इतका बारीक निघतो, की वाचताना आपण गोदीच्या नाक्यावर उभे आहोत असे वाटावे. आणि ताळेबंद निघत नाही याचे कारण केवळ ‘बरेच कागद हरवले’ एवढेच नाही. या लोकांचा हिशेब वर्षाभोवती फिरतच नव्हता. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘नफा किती’ हा नसून ‘हा कागद कोणी, कोणाला, कशाचा जाब देण्यासाठी लिहिला’ हा आहे. तो एकदा हाती आला की आकडे बोलू लागतात.

आधी गेनिझा म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका बंद कोठडीत जीर्ण कागद टाकले जात. देवाचे नाव असलेला कागद फाडायचा वा जाळायचा नाही, हा धर्मनियम. त्यातून पुढे हिब्रू अक्षरांत लिहिलेला कुठलाही कागद तिथे जाऊ लागला, मग ती प्रार्थना असो की मिरीचा भाव. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी तिथून सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला नेले, बाकीचे जगभरच्या ग्रंथालयांत विखुरले. त्यात बहुतांश धर्मग्रंथांची पाने आहेत. व्यापाराचे कागद हा तुलनेने लहान हिस्सा. व्यापाऱ्यांची भाषा अरबी, लिपी हिब्रू.

म्हणजे हे कोणत्याही पेढीचे दप्तर नाही. पेढीचे दप्तर कोणीतरी जपून ठेवतो, बासनात बांधतो, अनुक्रमाने लावतो. इथे उलट आहे. जे कामाचे उरले नाही ते टाकले गेले, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने ते टिकवले. चालू खात्याच्या वह्या व्यापारी असा टाकणार नाही. पत्रांत ‘दफ्तर’चा उल्लेख येतो, सुट्या हिशेबाची पानेही भरपूर आहेत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग अशी बेन यिजूची खातेवही तुम्हाला मिळणार नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट. हे कागद ज्यू व्यापाऱ्यांचे आहेत म्हणून ही ‘ज्यू हिशेबपद्धती’ होती असे समजू नका. त्याच बाजारात, त्याच जहाजांवर, त्याच नाण्यांत मुसलमान व्यापारी धंदा करत होते आणि बऱ्याचदा दोघांची भागीदारी असे. पद्धत त्या अरबी भाषक बाजाराची होती. ज्यूंचे कागद आपल्यापर्यंत पोहोचले ते लिपीमुळे आणि त्या कोठडीमुळे. प्रबंधिकेच्या पहिल्याच प्रकरणात हे स्पष्ट लिहा, परीक्षक ते नक्की विचारतील.

आता मूळ मुद्दा. बेन यिजू मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा. येमेनच्या एडन बंदरामार्गे तो मलबार किनाऱ्यावर आला. १७ ऑक्टोबर ११३२ रोजी त्याने मंगळुरात अशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्त आहे, आणि ११४९ मध्ये तो एडनला परतलेला दिसतो. मधल्या वर्षांत त्याचे कितीतरी पत्रव्यवहार एडनच्या तिघांशी झाले : व्यापाऱ्यांचा अधिकृत प्रतिनिधी मदमून बिन हसन, युसूफ बिन अब्राहम आणि खलफ बिन इसहाक. बेन यिजू इकडून मिरी, लोखंड, वेलदोडे, सुपारी पाठवी. मंगळुरात त्याचा पितळी-काशाची भांडी ओतण्याचा कारखानाही होता. एडनहून तांबे आणि मोडकी भांडी येत, कोणते भांडे किती वजनाचे आणि कसे हवे याच्या बारीक सूचना येत, आणि तयार माल उलट जाई.

वाऱ्यांच्या मोसमावर चालणाऱ्या या धंद्यात एका पत्राचे उत्तर यायला वर्ष सहज जाई. माल एकाच्या ताब्यात, मालकी दुसऱ्याची आणि भाव तिसऱ्या बंदरात ठरणारा. अशा वेळी वर्षअखेरीला खाते बंद करून नफा काढण्यात अर्थच नव्हता. हिशेब संपे तो खेप संपल्यावर. आणि तो हिशेब मालकाला कळे तो पत्रातून. म्हणून पत्र हीच हिशेबाची मुख्य जागा होती, वही ही लिहिणाऱ्याची स्वतःपुरती टिपणे.

अशा पत्राची बांधणी साधारण ठरलेली असते. आधी लांबलचक दुवा आणि आदराची संबोधने. मग ‘तुमचे पत्र पोहोचले, वाचले, मजकूर कळला’. मग कोणत्या जहाजावरून कोणता माल उतरला, किती भरला, काय भावाने विकला, त्यातून जकात, हमाली, तोलाई वगैरे किती वजा झाली, उरलेल्या रकमेत तुमच्यासाठी काय खरेदी केले आणि ते कोणाच्या हाती पाठवले. नंतर भेटवस्तूंची यादी. ‘ज्याला काही मोल नाही असे थोडेसे’ म्हणून कागद, साखर, मनुका पाठवल्याचे लिहिलेले असते. नवशिके ही यादी वगळतात. तसे करू नका. ती हिशेबाच्या बाहेर मुद्दाम ठेवलेली रक्कम आहे, आणि ती का बाहेर ठेवली हे खाली येतेच.

एक उदाहरण जवळून बघू. खलफ बिन इसहाकने बेन यिजूला एका बुडालेल्या जहाजाबद्दल लिहिले आहे. जहाज वाऱ्याने भरकटून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदब सामुद्रधुनीजवळ बुडाले. मिरी पूर्ण गेली, त्यातले काहीच वाचले नाही. लोखंड मात्र तळाला गेले होते, म्हणून एडनहून पाणबुडे नेले आणि त्यांनी सुमारे निम्मे बाहेर काढले. पत्र लिहीत असतानाच ते लोखंड जकात नाक्याच्या वखारीकडे आणले जात होते. पुढे खलफ सांगतो की पाणबुड्यांचा आणि इतर खर्च आधी वजा होईल, मग जे उरेल ते ज्याच्या-त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात वाटले जाईल.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. इथे अजून अंतिम आकडाच नाही. नुकसानीची पद्धत मात्र पक्की आहे : माल सगळ्यांचा एकत्र बुडाला, तर वाचलेला भागही कोणा एकाचा नाही, आणि वाचवण्याचा खर्च सगळ्यांवर. बेन यिजूला आकडा पुढच्या मोसमात कळणार, पण नियम आत्ताच कळवणे खलफला गरजेचे वाटते, कारण उद्या शंका निघाली तर हे पत्रच त्याची साक्ष. हा हिशेब आहे, फक्त तो रकान्यात बसवलेला नाही.

आता आकड्यांकडे वळलात की नाणी अडवतील. इजिप्तचा दिनार सोन्याचा, साधारण सव्वाचार ग्रॅमचा, आणि त्याचे २४ किरात. अशा दोन दिनारांत एका साध्या कुटुंबाचा महिना भागे, असा अंदाज गेनिझाचे अभ्यासक शलोमो गोइटाइन यांनी या कागदांवरूनच मांडला. त्यावरून रकमांचे वजन डोक्यात बसते. पण एडनच्या हिशेबात तिथला स्थानिक मलिकी दिनार येतो, आणि इजिप्तच्या एका दिनाराला दोनाहून अधिक मलिकी पडत. चांदीच्या दिरहमचा दर तर सतत हले. वजनातही तेच. मिरी आणि लोखंड ‘बहार’मध्ये मोजत, म्हणजे ३०० रतल, पण रतल हे वजनाचे माप बंदराप्रमाणे बदलते. म्हणून माझी सवय अशी, की पत्र कुठून लिहिले हे ठरेपर्यंत एकाही रकमेचे रूपांतर करायचे नाही. पत्रावर अनेकदा महिना असतो, वर्ष नसते. असले तर सेल्युसिड शकाचे, म्हणजे इ.स.पूर्व ३१२ पासून मोजलेले, असू शकते. ११३२ सालचा ऑक्टोबर तिथे १४४४ म्हणून येतो.

नाण्यांपेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे नुकसान कोणाचे, हे ओळखणे. तीन तऱ्हेचे व्यवहार एकाच पत्रात मिसळलेले असतात. एक भागीदारी, जिथे नफा-तोटा ठरल्या हिश्शाने वाटायचा. दुसरा किराद : एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफ्यात दोघांचा वाटा, पण तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा. ज्यूंच्या स्वतःच्या धर्मशास्त्रातली रीत वेगळी होती, तिथे श्रम करणाऱ्यावरही तोट्याचा काही भार येई. म्हणून करारात ‘मुसलमानी रीतीचा किराद’ असे मुद्दाम नोंदवलेले सापडते. तिसरा प्रकार मात्र सगळ्यात जास्त, आणि तोच ताळेबंदात न मावणारा. तो म्हणजे सोबतीचा. मी तुझा माल माझ्या बंदरात विकून देतो, तू माझा तुझ्या बंदरात विकून दे. दलाली नाही, पगार नाही. जो तो दुसऱ्याचे काम आपले समजून करतो आणि तसेच करून घेण्याची अपेक्षा ठेवतो.

या सोबतीची किंमत कुठल्याच ओळीत लिहिलेली नसते. मदमून बेन यिजूसाठी किती दिवस राबला, त्याचे पैसे धरले तर बेन यिजूचा ‘नफा’ किती उरेल? सांगता येत नाही, कारण त्याची फेड बेन यिजूने मंगळुरात मदमूनची कामे करून केली. भेटवस्तूंची यादी इथे लागते. साखर-मनुका मोल नसलेल्या म्हणून पाठवल्या जातात, कारण त्यांना मोल लावले असते तर ती देणी झाली असती.

मग कोणी शब्द मोडला तर? कार्दारचे प्रकरण बघा. या भारतीय व्यापाऱ्याने वेलदोड्यांसाठी आगाऊ पैसे घेतले आणि माल दिला नाही. पैसे बेन यिजूच्या हातून गेले होते, पण त्यात एडनच्या मित्रांचाही हिस्सा होता. यावर युसूफ बिन अब्राहमने कळवले की त्याला जरा धाक दाखवा : जो आमचे देणे बुडवतो त्याच्या नावाने आम्ही एडनमध्ये निषेध जाहीर करतो असे सांगा, कदाचित तो घाबरेल; तरीही ऐकले नाही तर आम्ही तसे रीतसर पत्रच काढून पाठवू. कार्दार ज्यू नव्हता, एडनचा नव्हता, कुठल्याही एका न्यायालयाच्या कक्षेत तो नीट येत नव्हता. तरी एडनच्या बाजारात नाव खराब होणे त्याला महागात पडेल, असा युसूफचा भरवसा होता. पत्रे इतक्या काळजीने का लिहिली जात, ते इथे कळते. नाव टिकवायचे किंवा दुसऱ्याचे घालवायचे, दोन्ही कागदावरच होत असे.

या मुद्द्यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तुम्हाला त्यात पडावे लागेल. अर्थतज्ज्ञ अवनर ग्राइफ यांनी १९८९ पासून असे मांडले की मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, ज्यू व्यापाऱ्यांचा गट एकमेकांच्या बाजारातल्या नावावरच चाले. एकाला फसवणाऱ्याशी सगळेच व्यवहार तोडत, म्हणून न्यायालयाची फारशी गरज नव्हती. पुढच्या अभ्यासकांनी दाखवले की हे लोक धर्मन्यायालयात आणि काझीकडेही जात, मुखत्यारपत्रे करत, दस्त नोंदवत. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. भारताच्या व्यापारातलाच युसूफ लेब्दीचा दावा घ्या : गुजरातपर्यंतच्या प्रवासातल्या मालावरून फुस्तातच्या ज्यू न्यायालयात १०९७ पासून तो चालला, आणि त्याच्या नोंदी गेनिझात आहेत. नाव जाण्याचा धाक आणि न्यायालय ही एकाच माणसाच्या हातातली दोन हत्यारे होती. कोणते कधी काढायचे हे प्रसंगावर होते.

दुहेरी नोंदीबद्दल थोडक्यात. ‘त्याला देणे’ आणि ‘त्याच्याकडून येणे’ अशा दोन बाजू दाखवणारे हिशेब गेनिझात आहेत, सराफांचे तर विशेष. पण प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडून शेवटी सगळी वही जुळवायची, ही बंदिस्त पद्धत त्यांतून सिद्ध होत नाही. तिचे भक्कम पुरावे इटलीत, १३०० च्या आसपास मिळतात. या एका मुद्द्यावर प्रबंधिका उभी करू नका. त्यापेक्षा रुक्के बघा, ते फार सुंदर आहेत : फुस्तातचा अबू झिक्री कोहेन ११४० च्या सुमारास छोट्या चिठोऱ्यांवर ‘अमक्याला इतके द्या’ असे लिहून देई, आणि समोरचा त्याच्या खात्यातून पैसे देई. आजच्या धनादेशाची सगळी अंगे त्यात दिसतात.

आता कामाची रीत. डिजिटल प्रतिमा आता घरबसल्या बघता येतात, तेव्हा नुसत्या भाषांतरावर विसंबू नका. लिपी येत नसली तरी प्रतिमा समोर ठेवा. पानाच्या दोन्ही बाजू बघा. भारतात चांगला कागद मिळत नसे, म्हणून एडनचे मित्र तो पाठवत, आणि बेन यिजू आलेल्या पत्राच्या मागे आपले हिशेब, याद्या, मसुदे लिहून काढी. त्यामुळे एका तुकड्यावर दोन वेगळ्या वर्षांचे, दोन वेगळ्या हातांचे मजकूर असतात. सूचीत ते एका क्रमांकाखाली येतात म्हणून एकत्र बेरजेत धरले, तर सगळे चुकते. दुसरे असे, की महत्त्वाचे पत्र दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांवरून पाठवत. तीच खेप दोनदा मोजली जाऊ नये म्हणून जहाजाचे नाव, नाखुद्याचे (जहाजाच्या मालकाचे वा कप्तानाचे) नाव आणि गाठोड्यांची संख्या ताडून बघा. आणि समासात वाचा. मुख्य मजकुराची जागा संपली की उरलेला मजकूर पान फिरवत समासात लिहिला जाई, आणि भाव बदलल्याची ताजी खबर पुष्कळदा तिथेच असते.

विषय म्हणून माझा सल्ला असा : मदमूनने बेन यिजूला पाठवलेला मिरी किंवा लोखंडाचा एक हिशेब घ्या आणि विक्रीपासून हाती पडलेल्या रकमेपर्यंत प्रत्येक वजावट समजावून सांगा. प्रत्येक ओळीपुढे ‘हा खर्च कोणी सोसला’ असा रकाना ठेवा. एवढ्यावर उत्तम प्रबंधिका होते, आणि ती खरी असते.

कोकणाचे शेवटी. होय, संबंध आहे, पण जपून. महरूझ नावाचा ज्यू नाखुदा मंगळुराहून आपल्या एका आप्ताला लिहितो. तो आप्त चाच्यांच्या तावडीत सापडून नागवला गेला होता. महरूझ कळवतो, की सोने लागले तर माझ्या नावावर नाखुदा तिनबूकडून घ्या, तो ठाण्यात आहे आणि त्याची-माझी मैत्री भावासारखी, न तुटणारी आहे. तिनबू हे नाव ज्यू वा अरबी वाटत नाही. तो इथल्याच किनाऱ्याचा माणूस असणार असे अभ्यासकांना वाटते. म्हणजे बाराव्या शतकात ठाण्यात बसलेल्या माणसाकडे केवळ एका पत्राच्या आधारे सोने मागता येत होते. मदमूननेही मंगळुरातल्या सूस सीती, कनाबती आणि इसहाक बनिया यांना भागीदारीत जहाज काढण्याचा प्रस्ताव बेन यिजूमार्फत पाठवला होता. या व्यापारात स्थानिक माणसे नुसती पुरवठादार नव्हती.

मात्र यावरून कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा इतिहास गेनिझाला जोडू नका. त्यांची परंपरा वेगळी आहे, आणि हे कागद एडन-फुस्तातच्या फिरत्या व्यापाऱ्यांचे आहेत. ठाण्याचा उल्लेख आला म्हणजे तिथे ज्यू वस्ती होती असे ठरत नाही; पत्रातले सोने तर तिनबूकडेच आहे.

पहिला तक्ता तयार झाला की इथेच टाका. मलिकी दिनारांचे रूपांतर आणि बहारची वजने मी तपासून देईन.